जुन्नरचा काढा आणि मसाल्याचा चहा

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने कसे जातात, हें जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागांत राहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. नाणेघाटापासून आहुप्यापर्यंतच्या गांवांत धुकें दाराशीं येऊन उभें असतें, आणि चुलीवरून आलें व गवती चहा यांचा वास सुटलेला असतो. पूर्वेकडे उतरून नारायणगांव किंवा मंचर गांठलें, तरी सकाळच्या प्रहरीं वास तोच. हा मसाल्याचा चहा घेतल्यानें डोकें ताजें राहतें, मुलांचें अभ्यासांत लक्ष लागतें, उतारवयांत विसराळूपणा येत नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. त्याला पुस्ती अशी जोडली जाते कीं, ही कृति आपल्या पूर्वजांची, थेट ऋषिमुनींच्या वेळची आहे. या समजांत मुळांतलें किती आणि मागाहून चिकटलेलें किती, हें पाहण्यासाठीं इतिहासाकडे वळावें लागतें. आणि त्यासाठीं जुन्नरसारखें सोयीचें ठिकाण शोधूनही सांपडणार नाहीं. कारण कोंकणचा माल ज्या वाटांनीं देशावर चढत असे, त्यांपैकीं एक अतिशय जुनी वाट जुन्नरच्या दाराशींच येऊन पोहोंचते.

नाणेघाटाच्या तोंडाशीं खडकांत कोरलेलें एक लेणें आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख त्याच्या भिंतींवर असून तो इ. स. पूर्वींच्या पहिल्या शतकांतला मानतात. यज्ञांचीं नांवें आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं यांची मोजदाद त्यांत आहे. घाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत असत, अशी परंपरागत समजूत. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल या वाटेनें जुन्नरास येई व पुढें पैठणच्या बाजूस जाई. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांत स्वतःस ‘यवन’ म्हणविणाऱ्या दात्यांचेही लेख आहेत. समुद्रापलीकडच्या जगाशीं या गांवाचा संबंध होता, याची ही पुरी साक्ष होय.

या दूरच्या व्यापाराच्या खुणा आजही घरोघरच्या मसाल्याच्या डब्यांत पहावयास मिळतात. लवंग ही मूळची मलुकू बेटांवरची, जायफळ त्याच समुद्रांतील बांदा बेटांवरचें. दालचिनी या शब्दांत फारसी ‘दारचीनी’ म्हणजे ‘चीनचें लांकूड’ हा अर्थ दडलेला आहे. वेलदोडा व मिरीं हीं सह्याद्रीच्याच दक्षिण टोंकाकडील रानांतलीं, आणि आलें तर आपल्याच शेतांतलें. सारांश, मसाल्याच्या चहांतील मसाला हा खरोखरच जुना आहे. चहाचें पान मात्र या मंडळींत फार उशिरां येऊन बसलें.

पानाच्या आधीं होता तो काढा. सर्दी, पडसें, पोटाचा जडपणा, पावसांत भिजून आलेली हुडहुडी, यांवर सुंठ, मिरीं, तुळस व गूळ यांचा काढा देण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघर होती व आहे. सुंठ, मिरीं आणि पिंपळी या तिघांस आयुर्वेद ‘त्रिकटु’ म्हणतो, आणि त्यांचें मुख्य कार्य अग्नि प्रदीप्त करणें व कफ दूर करणें हें सांगतो. बुद्धि वाढविण्यासाठीं त्या शास्त्रानें दुसऱ्याच वनस्पतींची योजना केलेली आहे. चरकसंहितेंत चार मेध्य रसायनें दिलीं आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. यांत आलें नाहीं, वेलदोडा नाहीं. आणि चहा तर असणें शक्यच नव्हतें. भावप्रकाशांत हिरड्यास मेध्य म्हटलेलें आहे. भीमाशंकरच्या रानांत आणि आंबेगांव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यांत हिरडा विपुल होतो, आणि बाळहिरडा वेंचून विकणें हा तेथील महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचा जुना आधार आहे. पण ज्याला शास्त्रानें बुद्धिवर्धक म्हटलें तो हिरडा चहांत कोणी घालीत नाहीं, आणि जें घालतात त्याला शास्त्रानें तें श्रेय दिलेलें नाहीं.

मग आलें-मिऱ्यांच्या काढ्याची सांगड बुद्धीशीं कशी बसली? मराठींतील एक वाक्प्रचार येथें उपयोगी पडतो. पडशानें भरलेलें डोकें काढ्यानें सैल झालें म्हणजे आपण ‘डोकें मोकळें झालें’ असें म्हणतों. आणि काळजी सरली, विचार सुचूं लागला, म्हणजेही ‘डोकें मोकळें झालें’ असेंच म्हणतों. शब्द एकच राहिल्यामुळें नाकाला मिळालेला आराम बुद्धीच्या खात्यावर जमा झाला असावा, असा तर्क केल्यास तो अगदींच निराधार होणार नाहीं.

चहाचें पान पश्चिम हिंदुस्थानांत प्रथम आलें तें औषध म्हणूनच. सतराव्या शतकांत जुन्नर हें मोगलांच्या ताब्यांतलें महत्त्वाचें ठाणें होतें. इ. स. १६७५ मध्यें तेथील मोगल अधिकाऱ्यानें आपल्या घरच्या उपचारांसाठीं मुंबईहून एका इंग्रज वैद्यास बोलाविलें. त्याचें नांव जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतला हा वैद्य घाट चढून जुन्नरास आला, त्यानें शिवनेरी पाहिली, आणि परततांना तो नाणेघाटानें उतरला. त्याचें प्रवासवर्णन पुढें १६९८ मध्यें छापलें गेलें. फ्रायरच्या या फेरीनंतर चौदा वर्षांनीं, १६८९ मध्यें, जॉन ओव्हिंग्टन नांवाचा एक पाद्री सुरतेस होता. त्यानें १६९६ च्या आपल्या ग्रंथांत जें लिहून ठेविलें आहे, तें या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. सुरतेचे वाणी लोक चहा घेतात, आणि उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा व पोटांतील मुरडा यांवर गुणकारी मानला जातो, अशी नोंद त्यानें केली आहे. म्हणजे मसाल्याचा चहा आणि डोकें यांची गांठ कागदावर पडून तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. पण तो चहा चीनमधून जहाजानें येणारा, महाग, आणि बंदरांतील व्यापाऱ्यांनाच परवडणारा होता. सह्याद्रीच्या माथ्यावरील घरांत तो गेला असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

पुढचा सव्वाशें वर्षांचा काळ ओलांडून एकदम आसामांत जावें लागतें. तेथें चहाचें झाड रानटी स्थितींत वाढतें, हें १८२३ मध्यें रॉबर्ट ब्रूस यास कळलें, आणि १८३९ मध्यें आसामच्या चहाचा पहिला लिलांव लंडनमध्यें झाला. याच सुमारास पुणें जिल्ह्यांतही सरकारी वनस्पतिविद्येचें काम चालू होतें. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून दापोडीच्या उद्यानाचे अधीक्षक होते, आणि १८४७ मध्यें ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जुन्नर तालुक्यांतील हिवरें येथेंही त्यांच्या देखरेखीखालीं एक बाग होती व तींत औषधी वनस्पतींची लागवड होई. हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. एका बाजूस आसामांत चहाचें पान औषधाची पायरी सोडून व्यापाराचा माल बनत होतें. दुसऱ्या बाजूस जुन्नरची भूमि औषधी वनस्पतींसाठीं उपयोगांत आणली जात होती. दोघांची भेट एका पातेल्यांत व्हावयास अजून बराच अवकाश होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत चहा आला होता, पण तो सोवळ्याच्या उंबरठ्याबाहेरचा पाहुणा होता. १८९० मध्यें गोपाळराव जोशी यांनीं पुण्यांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळींस पंचहौद मिशनमध्यें नेलें. तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं, आणि नंतर हजर असलेल्यांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालीं. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांचीं नांवें त्यांत होतीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य माजलें, आणि १८९२ मध्यें रानडे यांनीं प्रायश्चित्त घेतलें. चहा वाईट कीं चांगला, हा तेथें वादच नव्हता. तो कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. ज्या पेयावरून पुणें हादरलें तेंच पुढच्या दोन पिढ्यांत पुण्याच्या प्रत्येक ओसरीवर आलें, हें पाहिलें म्हणजे खाण्यापिण्याच्या बाबतींत ‘पूर्वापार’ हा शब्द किती जपून वापरावा तें कळतें.

चहा लोकांत पसरला तो आपोआप नव्हे. १९०३ मध्यें सरकारनें निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविला, आणि त्या पैशांतून चहाच्या प्रसाराची मोहीम चालली. प्रारंभीं तिचा रोख परदेशांवर होता. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तो हिंदुस्थानाकडे वळला. गिरण्या, कारखाने, रेल्वेचीं स्टेशनें येथें चहाचीं दुकानें निघालीं. चहानें थकवा जातो, काम नेटानें होतें, हा या प्रचाराचा मुख्य सूर होता. मेंदूच्या ताजेपणाची जी कीर्ति आज आजीबाईच्या बटव्यांतली म्हणून सांगितली जाते, तिचा एक मोठा भाग या जाहिरातींतून आलेला आहे. गंमत अशी कीं, त्या प्रचारकांना मसाला मुळींच पसंत नव्हता. मसाला आला कीं दुकानदार पत्ती कमी घालतो, ही त्यांची तक्रार. पाणी ताजें उकळावें, पत्ती मोजून घालावी, ती कांहीं मिनिटें मुरूं द्यावी, अशी त्यांची शिकवण होती.

या प्रचाराला विरोधही तितकाच जोरदार झाला. महात्मा गांधी १९४२ मध्यें पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत चहा उकळल्यानें त्यांत उतरणाऱ्या टॅनिनच्या अपायाविषयीं इशारा दिलेला आहे. त्याच्या आधीं, १९३० च्या सुमारास, आसामांत चहाची पानें दांतेरी रुळांत चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणेदार पत्ती करणारें यंत्र निघालें होतें. ही पत्ती थोड्यांत रंग देणारी, कडक आणि स्वस्त. स्वातंत्र्यानंतर ती सर्वत्र पसरली. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत रेल्वे नाहीं. पुणें-नाशिक रस्त्यानें आणि मुंबईस कामाला गेलेल्या माणसांच्या बोचक्यांतून नवी वस्तु येथें यावयाची. कडक पत्तीला दूध व साखर हवी असते आणि मसाला तींत सहज मुरतो. गृहिणीला काढ्याचें आधण ठाऊकच होतें; तिनें त्याच आधणांत पत्ती टाकली. प्रचारकांनीं शिकविलेली रीत बाजूस राहिली, आणि काढ्याच्या रीतीनें शिजलेला चहा घरांत रुळला. ‘गवती चहा’ हें नांवच पहावें. परसांतल्या एका सुगंधी गवताला चहाचें नांव मिळालें, तें चहा ओळखीचा झाल्यावरच मिळालें असणार. तेव्हां मसाल्याचा चहा ही ऋषींची देणगी नव्हे. ती गेल्या शंभर वर्षांतील स्वयंपाकघराची निर्मिति आहे, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

आतां या पेयाचा मेंदूशीं खरा संबंध किती, तें पाहूं. १८१९ मध्यें फ्रीडलीब रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें कॉफींतून कॅफीन वेगळें काढलें. चहांतील ‘थीन’ हें तेंच द्रव्य, हेंही त्याच शतकांत ठरलें. जागेपणीं मेंदूंत अ‍ॅडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें व झोंप आणतें. कॅफीनची घडण त्याच्याशीं मिळतीजुळती असल्यामुळें तें त्याची जागा अडवितें, आणि आपणांस तरतरी वाटते. १९४९ मध्यें जपानांत चहाच्या पानांत थिॲनीन नांवाचें आणखी एक द्रव्य सांपडलें. कॅफीन व थिॲनीन एकत्र दिल्यास कांहीं काळ लक्ष थोडें अधिक टिकतें, असें कित्येक प्रयोगांत दिसलें आहे. मात्र त्या प्रयोगांत थिॲनीनचें प्रमाण पुष्कळदां एका कपांत असतें त्याच्या कित्येक पट होतें. चहा पिणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो, अशींही निरीक्षणें आहेत. पण तो चहाचाच गुण कीं त्यांच्या एकंदर राहणीचा, हें त्यांवरून सिद्ध होत नाहीं. आल्यानें मळमळ कमी होते याला चांगला पुरावा आहे. आलें, वेलदोडा किंवा दालचिनी यांनीं माणसाची बुद्धि वाढते याला तसा पुरावा नाहीं.

एवढ्यावर विषय संपला असता, तर तो एक निरुपद्रवी गैरसमज म्हणून सोडून देतां आला असता. पण या समजापायीं घरांत दोन ठिकाणीं खरें नुकसान होतें. पहिलें परीक्षेच्या दिवसांत. लक्ष लागावें म्हणून रात्रीं आठ-नऊ वाजतां मुलाच्या हातांत चहाचा कप दिला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरांतून निम्में कॅफीन जावयास साधारण पांच तास लागतात. म्हणजे नऊ वाजतां घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्रीं दोन वाजतांही शिल्लक असतो. दिवसां शिकलेलें पक्कें होण्याचें काम मेंदू झोंपेंत करीत असतो. ज्या पेयानें अभ्यास साधावयाचा, तेंच अशा वेळीं अभ्यासाची बैठक मोडतें.

दुसरें नुकसान अधिक छुपें आहे, आणि तें घरांतील स्त्रियांचें व मुलांचें आहे. सकाळीं चहा-पोळी किंवा चहा-भाकरी हीच कित्येक घरांतील न्याहारी. धान्य व भाज्यांतून मिळणारें लोह शरीरांत शोषलें जाण्यास चहांतील टॅनिनसारखीं द्रव्यें अडथळा करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत आणि सारा दोष चहावर लादणें बरोबर नव्हे; परंतु ज्या शरीरांत लोह आधींच कमी, त्यानें जेवणाबरोबर चहा घेणें म्हणजे गळक्या घागरीला आणखी एक छिद्र पाडणें होय. लोह कमी झालें कीं थकवा येतो, लक्ष उडतें. मग तो थकवा घालविण्यासाठीं आणखी एक कप. हें चक्र मसाल्यानें तुटत नाहीं.

तेव्हां चहा सोडावा काय? तसें म्हणण्याचें कारण नाहीं. तो कधीं, किती आणि कसा घ्यावा, एवढें ठरविलें म्हणजे पुरे. निरोगी प्रौढास दिवसाकाठीं ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन अपायकारक नाहीं, आणि गरोदर स्त्रीनें २०० च्या आंत रहावें, असें युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें ठरविलें आहे. चहाच्या एका कपांत साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतें. तेव्हां सकाळीं एक व दुपारीं एक, असे दोन कप बहुतेकांस पुरेसे आहेत. जेवण किंवा न्याहारी आणि चहा यांत तासाभराचें अंतर असावें. सायंकाळनंतर चहा टाळावा, आणि मुलांच्या कपांत पत्ती नसावीच.

कृतीही इतिहासाला धरूनच करावी, म्हणजे काढा व चहा या दोघांचाही मान राहतो. दोन कपांसाठीं दीड कप पाण्याचें आधण ठेवावें. बोटाच्या पेराएवढें आलें ठेंचून, दोन वेलदोडे सालासकट कुटून आणि गवती चहाचीं दोन पातीं चुरगळून त्यांत घालावींत. हवें तर दालचिनीचा लहानसा तुकडा चालेल. पण बाजारांत मिळणारी जाड सालीची दालचिनी रोज मोठ्या प्रमाणांत घेऊं नये, कारण तींत यकृतास बाधक असें कूमरीन नांवाचें द्रव्य असतें. झांकण ठेवून पांच मिनिटें हा काढा मंद उकळावा. मग दीड चमचा पत्ती घालून पातेलें खालीं उतरावें, पुनः झांकावें, आणि तीन मिनिटें मुरूं द्यावें. पत्ती फार उकळली म्हणजे तुरटपणा वाढतो. शेवटीं अर्धा कप गरम दूध आणि बेतानें साखर घालून गाळावें. अभ्यासाला बसलेल्या मुलासाठीं पत्ती घालण्यापूर्वींच थोडा काढा वेगळा काढून त्यांत दूध व गूळ घालावा. सुगंध तोच, ऊब तीच, आणि रात्रींची झोंप शाबूत.

आहुप्याच्या धुक्यांत किंवा पुण्याच्या दिवाणखान्यांत हा कप हातीं आला म्हणजे त्याच्याकडून बुद्धीची अपेक्षा करूं नये. मलुकूची लवंग, आसामची पत्ती आणि परसांतला गवती चहा यांना एकत्र आणण्याचें काम महाराष्ट्रांतील गृहिणींनीं आपल्या अकलेनें केलें. ती अक्कल चहांतून आलेली नव्हती. चहाला ती त्यांच्याकडून मिळाली.